अस्सल आणि पर्यायी

सोलापुरातील एका भुसार व्यापाऱ्याकडे अद्याप एक प्रीमियर पद्मिनी आहे. मोटार वडिलांनी घेतलेली. ती ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, त्या कंपनीची स्थापना १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी केली. ते सोलापूरचेच सुपुत्र असल्याने या घरात मोटारीचा अभिमान दुप्पट. परंतु पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि अभिमानाने ब्रेक लागत नाहीत.

गेल्या पावसाळ्यापूर्वी ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले. मिस्त्रीने चाके उघडून सांगितले, "शेठ, व्हील सिलिंडरचे रबर गेले आहेत. चारही चाकांचे बदलावे लागतील." त्याने तीन पर्याय पुढे ठेवले. एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून आलेला, कंपनीच्या मूळ खोक्यातील संच. ब्रेकचेच सामान बनविणाऱ्या नामांकित उत्पादकाचा नवा संच, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. आणि नाव-गाव नसलेल्या प्लास्टिक पिशवीतील तिसरा, अगदी स्वस्त.

तिसरा शेठजींनी हातातही घेतला नाही. बाजारात त्याला स्पष्ट शब्दांत 'डुप्लिकेट' म्हणतात. उरलेल्या दोघांत त्यांनी तत्काळ मूळ खोके निवडले. चिरंजीव म्हणाले, "अण्णा, नव्यावर निदान तारीख तरी छापली आहे." अण्णांचे उत्तर ठरलेले, "अस्सल माल तो अस्सल."

तीन आठवड्यांनी तुळजापूरचा घाट उतरताना पेडल पुन्हा मऊ लागले. गाडीत घरची मंडळी होती. हँडब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या आधाराने मोटार कडेला घेतली गेली. इजा कोणास झाली नाही. चाक उघडले तेव्हा त्या 'अस्सल' रबराच्या कडेला बारीक चिरा पडलेल्या होत्या आणि तेल झिरपून ड्रमच्या आत पसरले होते. माळ्यावरच्या उन्हाळ्यांत ते रबर खोक्यातल्या खोक्यात कडक झाले होते.

व्यापाऱ्यास हे कळण्यास वेळ लागू नये. जुना गूळ औषधी, पण जुने तीळ खवट, हे त्यांच्या दुकानात लहान मूलही जाणते. गिअरचा दाता किंवा पोलादी शाफ्ट ग्रीस लावून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. तेथे मूळ कंपनीचा भाग मिळाला तर जादा पैसे मोजण्यात शहाणपण आहे, कारण पर्यायी भागाच्या धातूची व मापाची खात्री दरवेळी देता येत नाही. रबर, होज पाइप आणि सील यांची गोष्ट वेगळी. तेथे खोक्यावरील नावापेक्षा उत्पादनाचा महिना महत्त्वाचा.

शिवाय 'कंपनीचा भाग' म्हणून जो विकला जातो, तो पुष्कळदा मोटार कंपनीने बनविलेलाच नसतो. पुरवठादार तो बनवितो. मोटार कंपनीच्या खोक्यात तो एका भावाने जातो, आणि त्याच पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात दुसऱ्या, बहुधा कमी भावाने. फरक कित्येकदा फक्त छपाईचा.

विमा भरपाई देईल, ही आशाही जुन्या मोटारीच्या बाबतीत अर्धीच. झीज-वजावटीच्या प्रचलित कोष्टकानुसार रबर व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापले जातात, मोटार नवी असली तरी. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही तेवढेच. फक्त काचेवर वजावट नाही. मूळ भागाच्या चढ्या किमतीचा निम्मा भार मालकावरच येतो, आणि केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर सगळाच.

नामांकित उत्पादकाचा संच बसवून झाल्यावर शेठजींनी पक्के बिल मागून घेतले. मोटारीसाठी आता एक स्वतंत्र वही आहे; तीत भाग, उत्पादक, महिना आणि किलोमीटर अशी चार कॉलमे चिरंजीवांनी आखली आहेत. मिस्त्रीने रिकामे जुने खोके उचलून विचारले, "हे टाकू का, शेठ?"

"खोके ठेवा," शेठजी म्हणाले, "रबर टाका."