दादी फोटोच्या काठावर होती

गेल्या रमजानमध्ये घरातल्या एका जुन्या फोटोची मोठी प्रत काढायला दिली. १९८६ सालच्या ईदचा फोटो. प्रत छान आली होती. डाग गेले होते, चेहरे उजळले होते, अम्मीच्या ओढणीची किनारसुद्धा स्पष्ट दिसत होती. फक्त दादी नव्हती.

स्टुडिओतला मुलगा म्हणाला, "मॅडम, कडा काळपट होत्या. आणि डावीकडे कोणीतरी बाई अर्धी दारात आलेली. म्हणून क्रॉप केलं."

कोणीतरी बाई! दादीचा जगातला तेवढा एकच फोटो आहे. फोटो काढणं तिला पसंत नव्हतं. हजला जाणं झालं नाही, म्हणजे पासपोर्टचाही फोटो नाही. मतदार ओळखपत्रं यायच्या आधीच ती गेली.

तो फोटो माझ्या चाचांनी काढला होता. आमच्या खाडीकाठच्या पुष्कळ घरांतली माणसं जहाजावर असत, तसे चाचाही होते. सत्तरच्या दशकात ओडेसा बंदरातून त्यांनी झोर्की-४के हा रशियन रेंजफाइंडर कॅमेरा आणला आणि सोबत ओरायन-१५ नावाची २८ मिमीची वाइड अँगल लेन्स. बिस्किटाएवढी चपटी. वर एक वेगळा व्ह्यूफाइंडर बसवायचा, त्याला पिस्तुलासारखं फिरतं चक्र. आम्हा पोरांना कॅमेऱ्यापेक्षा त्या चक्राचंच आकर्षण.

लग्नाला मंडपात बाजारातला फोटोग्राफर येई, पण माजघरात बायकांमध्ये तो कसा येणार? तिथे घरचा माणूस म्हणून चाचाच. माजघर दहा-बारा फुटांचं. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं, तर दहा फुटांवरून नेहमीच्या ५० मिमी लेन्समध्ये जेमतेम सात फूट रुंदी मावते. २८ मिमीत साडेबारा. म्हणजे चार बायकांऐवजी अख्खं माजघर. लेन्स मात्र अंधारी, तिचं ॲपर्चर सहाच्या पुढे उघडायचंच नाही. चाचा दारं-खिडक्या उघडायचे, कॅमेरा स्टुलावर ठेवायचे आणि ओरडायचे, "श्वास धरा!" १९८६ ची ईद जूनमध्ये होती, बाहेर आभाळ भरलेलं. मी सहा वर्षांची. त्या फोटोत मी म्हणजे एक पांढरट फराटा आहे.

काठावर बसणाऱ्या बायकांची तक्रार ठरलेली. वाइड लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात. फुफी दरवर्षी म्हणायची, "माझा दंड एवढा जाड आहे का रे?" आणि पुढच्या वर्षी मध्ये बसायला भांडायची.

दादी शिरखुर्म्याचं ताट घेऊन दारात थांबली होती. कॅमेऱ्याचं तोंड मध्यावर, तेव्हा आपण फोटोबाहेर आहोत अशीच तिची समजूत असणार. चाचांना मात्र माहीत होतं. त्यांनी तिला विचारलं नाही. हे बरोबर होतं का, या प्रश्नावर मी अजून अडकते. वर्गात मुलींना सांगते, परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढू नका. आणि घरी येऊन तो फोटो बघते.

कोकणच्या दमट हवेत ओरायनला बुरशी लागली. २००० नंतर कधीतरी फोर्टातल्या बोरा बाजारात एका कारागिराला दाखवली. त्याने उजेडात धरून पाहिलं आणि परत हातात दिली. काचेवरचा लेप खाल्ला गेला होता.

त्याच काळात वाचनात आलं, की जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ साली फोग्टलेंडर हे जुनं नाव घेऊन १५ आणि २५ मिमीच्या नव्या लेन्स काढल्यात, आणि त्याही जुन्याच ३९ मिमी स्क्रूच्या. म्हणजे चाचांच्या झोर्कीला बसणाऱ्या! २५ मिमीची चाचांसाठी घ्यायची, असं मी ठरवून टाकलं. बी.एड. झालं, शिक्षणसेवक म्हणून लागले, आणि त्या मानधनात लेन्स काय, चष्म्याची काच बदलणंसुद्धा लांबणीवर पडायचं. हाती पैसे येईपर्यंत स्क्रूची लेन्स बंद. तिच्या जागी आली ती लायकाच्या एम माउंटची, झोर्कीला न बसणारी.

या लेन्स बंद का होत गेल्या, ते मी नंतर समजून घेतलं. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. म्हणून वाइड लेन्सचा मागचा भाग थेट आत, फिल्मच्या जवळ नेता येतो. लेन्स लहान राहते, दाराच्या चौकटी सरळ येतात. एसएलआरमध्ये मध्ये आरसा हलतो, लेन्सला लांबच राहावं लागतं. त्यावर उपाय म्हणून फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये रेट्रोफोकस रचना आणली. १९५९ च्या निकॉन एफनंतर धंदेवाईक फोटोग्राफर एसएलआरकडे वळले आणि आमच्या बिस्किटांचं गिऱ्हाईक घटलं. लायकासाठीची २१ मिमी सुपर अँग्युलॉन तर इतकी आत घुसायची, की १९७१ च्या एम५ मधलं उजेड मोजायचं यंत्रच झाकलं जायचं. जे तिचं बळ, तेच आडवं आलं.

डिजिटलने उरलेलं केलं. फिल्म म्हणजे अंगणात पसरलेली चादर, पाऊस सरळ पडो की तिरका, ती भिजते. सेन्सर म्हणजे अरुंद तोंडाच्या घागरींची रांग. तिरका पाऊस आत जात नाही. फिल्मला चिकटून बसणाऱ्या लेन्सचे किरण कडांना फारच तिरके पडतात. २००६ साली लायकाचा एम८ आला, तेव्हा अशा लेन्सच्या कडा काळवंडू लागल्या, रंग बदलू लागले. कोसिनाने १५ मिमी लेन्स २०१५ मध्ये नव्याने घडवली, सेन्सरला मानवेल अशी, पण आकाराने मोठी. त्याआधीच, २००५ मध्ये, क्योसेराने काँटॅक्सचा धंदा गुंडाळला आणि त्यांच्या जी मालिकेची १६ मिमी होलोगॉनही संपली.

कारखानदारांवर राग धरण्यात अर्थ नाही. विकत घेणारे किती होते? मी स्वतः तरी कुठे घेतली.

आता माझी लेक फोनवर 'पॉइंट फाइव्ह' दाबते आणि त्याच माजघरात सतरा माणसं घेते. कडेची माणसं फोन आपोआप सरळ करतो. फुफी असती तर खूश झाली असती. मीही तक्रार करत नाही, सगळे मावतात ना.

चाचा दहा वर्षांपूर्वी गेले. बुरशी लागलेल्या लेन्सचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. "काच गेली तर जाऊ दे, निगेटिव्ह ओली होऊ देऊ नका," एवढंच सांगायचे. पत्र्याच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत त्यांनी ती जपली होती.

तो डबा घेऊन मी पुन्हा स्टुडिओत गेले. निगेटिव्ह उजेडावर धरली आणि डावीकडचा कोपरा त्या मुलाला दाखवला. म्हटलं, इथपर्यंत, पार शेवटपर्यंत. काही कापायचं नाही.

"मॅडम, कडा काळ्या येतील."

"येऊ देत."

"आणि ती बाई ताणलेली दिसेल."

मी म्हटलं, "दिसू दे. माझी दादी आहे ती."