वाढपी आणि पंगत

वाढणारा ओळखीचा असला म्हणजे पंक्तीच्या शेवटास बसलें तरी चालतें, असें आपल्याकडे म्हणतात. लाडू-जिलबीच्या बाबतींत या बोलण्याचें हसूं येतें. पण पंगत रुग्णांची आणि वाढावयाचें तें आयुष्य असेल, तर तेंच बोलणें अंगावर कांटा आणतें.

अमेरिकेंतील सिॲटल शहरीं हा प्रसंग खरोखरच आला. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं १९६० सालीं एक लहानशी नळी योजून, मूत्रपिंडें निकामी झालेल्या रुग्णाचें रक्त वारंवार यंत्रानें शुद्ध करण्याची सोय केली. यंत्रें थोडीं, रुग्ण पुष्कळ. तेव्हां डॉक्टरांनीं योग्य ठरविलेल्यांतून कोणास यंत्र द्यावें, हें ठरविण्यासाठीं सात जणांची समिती नेमण्यांत आली. वकील, धर्मोपदेशक, गृहिणी, कामगार-पुढारी असे लोक तींत होते. नांवें मात्र गुप्त. १९६२ मध्यें 'लाइफ' साप्ताहिकानें तिची हकीकत छापली, तेव्हां कळलें कीं वय, मुलेंबाळें, मिळकत, शिक्षण, चर्चमधील वावर यांचाही विचार होत असे. त्या सात जणांच्या सद्हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु दुकान बुडालेल्या आणि प्रपंचांत मन नसलेल्या तुकोबांस त्यांनीं किती गुण दिले असते? पुढें १९७२ च्या कायद्यानें तेथील सरकारनें हा खर्च बहुतेक सर्वांसाठीं उचलला. यंत्राचा प्रश्न सुटला. वाटणीचा सुटला नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें डॉक्टरांवरच सोपवावें. औषध लागू पडेल कीं नाहीं, हें डॉक्टरच सांगणार. पण अनेक गर्भवतींची तपासणी आधीं कीं एकाचें यकृत बदलणें आधीं, याचें उत्तर शरीरशास्त्रांत नाहीं. ऑरेगन राज्यानें तें लोकांस विचारून पाहिलें. गरिबांच्या सरकारी योजनेंतील अवयवरोपणाचा खर्च तेथें १९८७ सालीं बंद झाला होता. १९८९ च्या कायद्यानें सर्व उपचारांची क्रमवार यादी करण्याचें ठरलें आणि गांवोगांवीं सभा भरल्या. १९९० च्या पहिल्या यादींत, खर्चाच्या हिशेबापायीं, दातावर टोपी बसविणें हें आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेच्याही वर गेलें! यादी उघड होती म्हणूनच तिची थट्टा झाली आणि ती सुधारली गेली. उघडेपणाचा हा मोठा गुण. मात्र त्या सभांस आलेले बहुतेक लोक वैद्यकीय व्यवसायांतले. ज्यांच्या ताटांतलें कमी व्हावयाचें, ते थोडेच. लोकांस बोलावणें आणि ज्यांचें त्यांस बोलूं देणें, यांत अंतर आहे तें हेंच.

आपल्याकडेही नियम नाहींत असें नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनें धर्मादाय रुग्णालयांतील शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं मोफत, व तितक्याच दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवल्या. २००७ पासून महाराष्ट्राच्या कांहीं जिल्ह्यांत जनसुनवाईंतून गांवकऱ्यांनीं आरोग्यसेवेचा जाब विचारला. पण आमच्या परिचयाच्या एका मोलकरणीस आपल्या मुलासाठीं एका रुग्णालयांत 'खाट नाहीं' एवढेंच उत्तर मिळालें. खाटा किती, दिल्या कोणास, हें विचारतां येतें हेंच तिला ठाऊक नव्हतें. ज्या आपल्या पांढरपेशा वर्गास तें ठाऊक असतें, त्यास तें विचारण्याआधीं कोणाची तरी चिठ्ठी आठवते. चिठ्ठीनें एक खाट मिळते, पण त्याच क्षणीं दुसरें कोणी पंक्तींतून उठविलें जातें. तें माणूस आपणांस दिसत नाहीं, एवढेंच.

सर्वांस सर्व पुरेल असा दिवस येईल तेव्हां येवो. तोंवर नियम आधीं जाहीर असावा, नकाराचें कारण सांगावें, त्यावर दाद मागतां यावी, आणि नियम करणारांत उपाशी राहण्याची भीति असलेला माणूसही बसावा. वाढपी ओळखीचा असण्यापेक्षां तो सर्वांस दिसेल अशा जागीं उभा असणें, हेंच पंक्तीच्या टोंकास बसलेल्याचें खरें संरक्षण होय.