मानधनालाही देणगी द्या

हिंगोलीत मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थांना मी बरीच वर्षे देणगी देत आलो, गोळाही करून देत आलो. माझी एकच अट असायची: पैसा सायकल, दप्तर, गणवेश यांवरच खर्च व्हावा. कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास, शासकीय खात्यांबरोबरच्या बैठका यांना माझा ठाम नकार असे. ते मत मी आता सोडले आहे.

सेनगाव, कळमनुरी, औंढा भागातून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. धाकटं भावंड सांभाळायला, भाकरी थापायला पोरगी बरोबर जाते. परतते तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. घरी ठेवलेल्या सायकलीने तिची शाळा वाचत नाही.

जनार्थ संस्थेने पूर्वी साखर कारखान्यांवर अशा मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. नंतर मूल गावातच राहावे यावर भर आला आणि हंगामी वसतिगृहे सुरू झाली. पैसा सरकारचा, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीची. पण कोणत्या घरची मुले जाणार याची यादी गाडी भरण्याआधी व्हावी लागते. मुकादमाची उचल घेतलेल्या बापाला समजवावे लागते, आजीला तयार करावे लागते. अनुदान लांबले तर किराणा उधारीवर मिळवावा लागतो. शिक्षकाला वर्ग सोडता येत नाही, समितीच्या सदस्यांना शेत असते. हे काम संस्थेची कार्यकर्तीच करते.

अशाच एका कार्यकर्तीबरोबर मी एसटीच्या आगारात गेलो, पंचायत समितीत बसलो, तांड्यावर हिंडलो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी बस मिळते. बस एसटीची, वेळ शाळेची. दोन्ही जुळले नाहीत तर मुलगी अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभी राहते, आणि असे चार दिवस झाले की घरचे शाळा बंद करतात. मग स्थळे येऊ लागतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंगोलीतल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो खरा, पण सुपारी फुटायच्या आत त्याच्या कानावर कुणीतरी घालावे लागते. अंगणवाडीताईशी रोजचे बोलणे असलेली कार्यकर्तीच ते करू शकते. तिने आगारात खेटे घालून बसची वेळ अर्ध्या तासाने बदलून घेतली. त्या मार्गावरच्या मुलींना माझ्या सगळ्या दप्तरांपेक्षा तो अर्धा तास अधिक उपयोगी पडला, असे मी मनापासून मानतो.

एक काळजी मात्र उरते. मोठ्या देणगीदारांचे प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतात; पाचवीत आलेल्या मुलीला बारावीपर्यंत आठ वर्षे लागतात. मध्येच कार्यकर्तीचे मानधन थांबले की शाळा, आगार, ग्रामपंचायत, पालक यांना जोडणारे माणूसच राहत नाही. म्हणून माझी विनंती आहे: संस्थेला देणगी देताना मानधनासाठी द्या, आणि दरवर्षी द्या.