पासवर्ड कोणाच्या हातात?

"दादा, कॉम्प्युटर काळा पडलाय. नुसती पांढरी अक्षरं आलीत."

फोन चिखलोलीहून होता, आमच्या वस्तीतल्या बारावीच्या एका मुलीचा. मी कल्याणच्या अलीकडे अडकलेल्या लोकलमध्ये उभा होतो. चिखलोलीला स्टेशन होणार, होणार असे आपण कधीपासून ऐकतो आहोत. माझी वाट अजून अंबरनाथला उतरून रिक्षा धरण्याचीच आहे. म्हणजे घरी पोचायला नऊ वाजणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांची ठेकेदाराविरुद्ध सुनावणी होती. कंत्राटी कामाच्या दोन वर्षांच्या पगारपावत्या, हजेरीकार्डाचे फोटो, तक्रारअर्ज, सगळे त्या एका कॉम्प्युटरमध्ये. दुपारी दोनदा वीज गेली आणि आली, तेव्हापासून तो सुरूच होत नव्हता.

मी तिला स्क्रीनवरचे वाचायला सांगितले. शेवटच्या ओळीत कंसात 'इनिटरामएफएस' आणि त्याच्या वर इंग्रजीत एक सूचना: 'एफएससीके' हाताने चालवा. सूचनेच्या आधी डिस्कच्या भागाचे नाव, एसडीए२. मशीन अचानक बंद पडले की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहतात. लिनक्स त्या आपोआप दुरुस्त करू पाहते, पण काही बिघडेल असे वाटले तर थांबते आणि माणसाला विचारते. तिने 'एफएससीके' टाइप केले, एक जागा सोडून ते नाव स्क्रीनवर होते तसे तिरक्या रेघांसकट लिहिले, आलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'वाय' दाबले आणि शेवटी 'रीबूट'. माझी गाडी कल्याणला लागेपर्यंत तिची स्क्रीन उजळली होती. आधी पप्पांचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घे, बाकी नंतर, एवढे मी सांगितले. अशी डिस्क पुन्हा कधी दगा देईल सांगता येत नाही.

मला वाटले, आता 'थँक्यू दादा' येईल. ती म्हणाली, "हे तर स्क्रीनवरच लिहिलेलं होतं ना. मग तुम्हाला फोन का करावा लागला?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी वस्तीतली जुनी मशीन लिनक्सवर न्यायला सुरुवात केली. कारण साधे होते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले सेकंडहँड डेस्कटॉप, त्यात दुकानदाराने टाकलेली क्रॅक केलेली विंडोज, आणि ती क्रॅक करणाऱ्या फाइलसोबत आत काय काय आले याचा कोणालाच पत्ता नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ही विंडोज १० ची मुदत ठरलेली होती. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. नवे मशीन घेण्याची ऐपत असती तर ती घरे लॅमिंग्टन रोडला गेलीच नसती. म्हणून लिनक्स मिंट टाकले, लिबरऑफिस दाखवले आणि छाती फुगवून सांगितले, "आता व्हायरसची भीती नाही."

अडचणी आल्याच. एका लॅपटॉपचे वायफाय दिसेना, कारण ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर हवा. मोबाइल यूएसबी वायरने जोडून, त्याचेच इंटरनेट वापरून तो उतरवला. दुसऱ्या मशीनवर प्रत्येक वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणत होती आणि मालकाला वाटले की हॅक झाले. मशीनची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती, एवढेच. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ मागे पडते, आणि घड्याळ चुकले की वेबसाइटची प्रमाणपत्रे खोटी ठरतात. जास्त डोकेदुखी जुन्या पत्रकांची झाली. जयंतीच्या निमंत्रणांपासून मोर्चाच्या मागण्यांपर्यंत सगळे श्रीलिपीत, उघडले की नुसते किडे. ते बदलून युनिकोडमध्ये आणायला तीन रविवार गेले.

पण हे सगळे दुरुस्त करणारा मीच. मुले बाजूला उभी राहून बघत. मलाही ते आवडत होते, खोटे कशाला बोलू?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्यातले बरेच कार्यकर्ते म्हणतात, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? बघू दे ज्याला बघायचंय." भीमा कोरेगाव प्रकरणानंतरही हे ऐकू येते याचे मला नवल वाटते. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी केली. त्यांचा पहिला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून मेल आले. ओळखीच्या खात्यावरून, जोडलेली फाइल उघडण्याचा आग्रह करणारे. फाइल उघडली, समोर एक कागद दिसला आणि मागे नेटवायर नावाचा प्रोग्राम बसला. १७ एप्रिल २०१८ ला लॅपटॉप जप्त होईपर्यंत, म्हणजे २२ महिने, बाहेरचा कोणीतरी त्यात ये-जा करत होता आणि लपवलेल्या फोल्डरमध्ये कागदपत्रे ठेवत होता, असे अहवाल म्हणतो. त्याला एक पुरावा मला विसरता येत नाही. त्यातले कागद ज्या वर्डमधून पीडीएफ झाले ती २०१० किंवा २०१३ ची आवृत्ती होती. लॅपटॉपवर होती २००७ ची. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या कॉम्प्युटरबद्दलही त्याच संस्थेने जुलै २०२१ मध्ये तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि खटल्यात त्याची कसोटी लागायची आहे. पण 'लपवण्यासारखं काही नाही' या युक्तिवादातली पोकळी त्यासाठी थांबत नाही. इथे आरोप चोरून नेल्याचा नाहीच, आणून ठेवल्याचा आहे. तुमचे घर रिकामे आहे म्हणून दार उघडे टाकता येत नाही.

आणि लिनक्सवाल्यांनी इथे हसू नये. नेटवायर विंडोजवर चाले तसे मॅक आणि लिनक्सवरही चाले. 'व्हायरसची भीती नाही' हे माझे वाक्य चुकीचे होते.

त्या फोननंतरच्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला आणि विचारले, "माझ्या कॉम्प्युटरचा आणि विहारातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड एकच कसा काय?"

एकच होता, कारण सगळ्याच मशीनचा एकच होता. अकरा मशीन, एक पासवर्ड. मी ठेवलेला, मला लक्षात राहील असा. भर म्हणून प्रत्येकावर बाहेरून आत येण्याची सोय, म्हणजे एसएसएच, मी चालू ठेवली होती, एकाच वायफायवर बसून सगळी दुरुस्त करता यावीत म्हणून. माझा फोन चोरीला गेला असता, किंवा एखाद्या रात्री मीच चुकीची फाइल उघडली असती, तर अकरा घरांची दारे एकदम उघडली असती. ज्ञान एकाच्या मुठीत आणि बाकीच्यांनी हात जोडून उभे राहायचे, ही व्यवस्था आपण कुठे पाहिली आहे हे या वाचकांना सांगायला नको. मी तीच व्यवस्था सुरक्षिततेच्या नावाने उभी केली होती.

तेव्हापासून मशीन एकेक करून पुन्हा बसवतो आहोत. बसवतानाच डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो, तो निवडायचा आणि परवलीचे वाक्य ज्याचे त्याने टाइप करायचे, मी खोलीबाहेर. याची किंमत आहे. एका मुलाने वाक्य ठेवले, कागदावर लिहिले नाही आणि चार दिवसांत विसरला. डिस्कवरचे सगळे गेले, अगदी आजीचे फोटोसुद्धा. तिथे कोणाचा वशिला चालत नाही. तो टाइमशिफ्टवर विसंबला होता, पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टीमच्या फाइल सांभाळते, आपले फोटो आणि कागद नाही, आणि त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत डिस्कबरोबरच जाते. आपल्या कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात हवी. आणखी एक, हे कुलूप मशीन बंद असतानाच लागते. चालू मशीनमध्ये मेलमधून शिरणाऱ्याला ते अडवत नाही. त्याच्यासाठी अपडेट न टाळणे, फायरवॉल चालू करणे (मिंटमध्ये ती आधीपासून चालू नसते), प्रोग्राम फक्त सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेणे, यूट्यूबवर कोणी दाखवली म्हणून 'सुडो'ची ओळ डोळे मिटून न चिकटवणे. आणि ओळखीच्या माणसाकडून अनपेक्षित फाइल आली तर उघडण्याआधी त्याला फोन करून विचारणे. शेवटची गोष्ट फुकट आहे आणि तीच सगळ्यांना नको असते. "एवढ्यासाठी काय फोन करायचा, दादा?"

या निमित्ताने एक नोंद. आपला मजकूर आपल्याच हाताने छापावा म्हणून बाबासाहेबांनी छापखाना उभा केला, भारतभूषण, पुढे बुद्धभूषण. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला तो छापखाना पाडला गेला. विल्सन यांच्या लॅपटॉपची तारीख १३ जून २०१६. बारा दिवस. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण बुलडोझर सगळ्यांना दिसला आणि जुलैमध्ये मुंबईचे रस्ते भरले. लॅपटॉपमधले, अहवाल खरा असेल तर, त्याच्यासमोर रोज बसणाऱ्यालाही जवळपास दोन वर्षे दिसले नाही.

त्या मुलीने आता एक वही केली आहे. डाव्या पानावर स्क्रीनवर आलेली ओळ इंग्रजीत जशीच्या तशी, उजवीकडे मराठीत तिचा अर्थ आणि काय केले ते. पहिले पान 'एफएससीके'चे. त्याखाली तिने लिहिले आहे, 'वारंवार आलं तर डिस्क मरतेय, आधी कॉपी.' हे मी सांगितले नव्हते, तिने कुठूनतरी वाचून काढले. गेल्या आठवड्यात विहारातल्या मशीनचा सेल तिनेच बदलला. मी टॉर्च धरला होता.

अकरापैकी नऊ मशीन झाली. उरलेल्या दोघांवर अजून माझाच पासवर्ड आहे. एकाची रात्रपाळी चालू आहे, तो रविवारी झोपतो. दुसरा म्हणतो, "राहू दे दादा, तुमच्याकडेच बरा आहे." त्याच्या घरी या शनिवारी मी जाणार नाही, ती जाणार आहे.