रजिस्टरात नसलेला रकाना

"डाक्तर, बॅटरी विझवा. मासा बुजतो."

धुक्यातून नुसता आवाज आला. 2025 सालची कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला डिंभे धरणाच्या फुगवट्यावर मी गळ घेऊन उभा होतो आणि माझा महादेव कोळी मित्र टायरच्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी मागे सारत, संध्याकाळी लावलेली जाळी काढायला निघाला होता. खरं म्हणजे मी डॉक्टर नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. पण सुई टोचतो तो डॉक्टर, हा वाड्यावस्त्यांवरचा हिशेब. निवृत्तीनंतरही तो पुसला गेलेला नाही.

घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. साडेतेरा टीएमसी पाणी. ज्या आंबेगावानं तालुक्याला नाव दिलं ते गाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावात. मित्राच्या वडिलांची भातखाचरंही तळाशीच गेली. "माझ्याच वावरात मासे धरतो," असं तो म्हणतो आणि हसतो. त्या हसण्यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही.

उजाडेपर्यंत माझ्या गळाला दोन चिलापी लागल्या. एक वाम हाताशी येऊन निसटली. मित्राच्या जाळ्यात तीन कटले आणि एक मरळ. चुलाण्यावर चहा ठेवून मी घरून आणलेल्या मासवड्या सोडल्या. मासवडीत मासा नसतो, बेसनात खोबरं-तिळाचं सारण असतं. त्यावर त्याचा ठरलेला टोमणा आलाच. "तुम्ही जुन्नरकर मासासुद्धा बेसनाचा करता."

ऊन वर आलं तसं पाण्याकाठचा चिखल दिसू लागला. माणसं वर्तमानपत्र वाचतात तसा मी चिखल वाचतो. म्हशींचे पसरट खूर, शेळ्यांची दाटी, आणि त्यातच बारीक, टोकदार, नाजूक खूर. भेकर. कुत्र्यासारखं भुंकणारं हे छोटं हरीण भीमाशंकरच्या रानातून रात्री पाण्याला उतरतं. त्याचे आणि म्हशींचे ठसे एकमेकांत मिसळलेले होते. पुढे गेलो तर एका ठिकाणी मागचा पाय ओढल्याची रेघ. रेघ करवंदीच्या जाळीकडे गेली होती. जाळीत भेकराची मादी पडलेली. तोंड पाण्याकडे. माश्या लागल्या होत्या.

माझा हात आपोआप तिच्या जबड्याकडे गेला. जीभ बघायची, हिरड्या बघायच्या, मग खुरांची बेचकी. तीस वर्षांची सवय. मित्रानं मनगट धरलं. "राहू द्या डाक्तर. नंतर तुमच्यावरच यायचं." त्याचं बरोबर होतं. 1972 च्या कायद्यानं मेलेलं वन्य जनावरही सरकारचं असतं, आणि आजारानं मेलं असेल तर उघड्या हातानं ते चाचपणं हा शुद्ध गाढवपणा. आम्ही मागे सरलो, 1926 वर वन खात्याला फोन लावला आणि बांधावर बसून राहिलो.

पाण्याकाठी मेलेलं हरीण बघितलं की माझ्या डोक्यात पहिला शब्द येतो तो ताप. तापानं फणफणलेलं जनावर पाणी शोधतं. अमेरिकेत ऐन शरदात चिखलातल्या चिलटांमुळे हरणांमध्ये रक्तस्रावी ताप पसरतो आणि तळ्यांकाठी मेलेली हरणं सापडतात; पहिलं दव गोठलं, चिलटं मेली, की साथ थांबते. आपल्याकडे तसल्याच चिलटांनी मेंढ्यांना निळ्या जिभेचा आजार होतो. देशातली त्याची पहिली नोंद 1964 सालची, आपल्याच महाराष्ट्रातली. पावसाळा सरताना धनगराच्या वाड्यात सुजलेल्या तोंडाच्या मेंढ्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

पण त्या दिवशी माझ्या मनात चिलटं नव्हती, लाळ्या खुरकूत होती. जुलै महिन्यात पुण्यात कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत पंधरा-सोळा चितळं गेली आणि तपासणीत लाळ्या खुरकूत निघाली, ती बातमी मी दोनदा वाचली होती. गाईला खुरकूत झाली तर तोंड येतं, लाळ गळते, दूध आटतं. बाभळीच्या सालीच्या काढ्यानं पाय धुवून, पुढ्यात मऊ चारा टाकून मालक तिला महिनाभरात उभी करतो. रानात पुढ्यात चारा टाकणारं कोणी नाही. लंगडं हरीण म्हणजे बिबट्याचं ताट. कोवळ्या पाडसाचं तर काळीजच बसतं. अशा वासराचं शवविच्छेदन केलं तर हृदयावर वाघासारखे पट्टे दिसतात.

बसल्या बसल्या मी मित्राला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

पंधराएक वर्षांपूर्वी याच पाण्यापलीकडच्या एका वाडीवर लस टोचायला निघालो होतो. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून निघालो, पण वाटेत पावसानं ओढा अडवला. दोन तास थांबलो, बर्फाचं पाणी झालं, मी परत फिरलो. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं आणि गेलो नाही. वाडीवरून कोणी बोलवलंही नाही. टोचलं की दूध आटतं, गाभण म्हैस गाभडते, ही भीती तेव्हा घरोघरी होती. महिन्याभरात तिथं खुरकूत आली. मग धावत गेलो. एका म्हाताऱ्या गुराख्यानं सहज म्हटलं, "रानातली भेकरंबी लंगडत्यात." संध्याकाळी रजिस्टर भरलं. गाई इतक्या, बैल इतके, म्हशी इतक्या. भेकराला रकाना नव्हता. मी लिहिलं नाही.

मित्र बराच वेळ चुलाण्यातली राख हलवत बसला. मग म्हणाला, "पण हरणाला सुई टोचणार कोण?"

कोणीच नाही, आणि टोचायची गरजही नाही. बुळकांडीचं तेच झालं. गोठेच्या गोठे बसवणारा तो रोग रानगव्यांनाही गाठायचा. 1954 पासून देशभर गाईगुरं टोचली गेली. 1995 नंतर आपल्याकडे तो दिसला नाही आणि 2011 मध्ये सगळं जग त्यातून सुटलं. एकाही गव्याला कोणी सुई लावली नाही. गोठ्यातून रोग गेला, तसा रानातूनही गेला. खुरकुतीचं बेणं जास्त चिवट आहे. विषाणूच्या तऱ्हा अनेक आणि बरी झालेली गायसुद्धा पुढे कितीतरी महिने घशात विषाणू बाळगते. म्हणून तर 2019 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत दर सहा महिन्यांनी टोचायचं ठरलं. ही सुई गाईला लागते आणि तिच्या मागून पाणी प्यायला येणारं भेकर वाचतं.

दोन तासांनी वनरक्षक आले, पाठोपाठ सरकारी पशुवैद्यक. हातमोजे, मास्क. मी लांबूनच मान उंचावून बघत होतो. त्या तरुण डॉक्टरांनी जबडा उघडला, जीभ पाहिली, चारही खूर फाकवून पाहिले. मग मागची मांडी उलटी केली आणि मला जवळ बोलावलं. मांडीवर दातांच्या खुणा होत्या.

"तोंड स्वच्छ आहे, खूरही. कुत्री लागली असणार. तरी नमुने घेतो."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. जीव गेला तो गेलाच होता. शिवाय ती कुत्री काही भीमाशंकरच्या रानात जन्मलेली नव्हती. आमच्याच वाड्यांवरची, आमच्याच उष्ट्यावर वाढलेली. रोग नाही तर कुत्री. रानात जे उतरतं ते आमच्या अंगणातूनच.

पंचनामा आटोपला. मित्रानं मरळ माझ्या पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत. निघताना पलीकडच्या वाडीची गुरं पाण्यावर आली. मी गाडीला किल्ली लावली नाही. पाण्यात घोटाभर उतरून कान मोजू लागलो. टोचणीची नोंद ज्याच्यावर होते तो बारा आकडी पिवळा बिल्ला, बिल्ला, बिल्ला. एकवीस जनावरं, वीस बिल्ले. सगळ्यात मागे एक तांबडी कालवड, पाच-सहा महिन्यांची, कोरे कान हलवत पाणी पीत होती. तिच्या खुरांखाली रात्रीचे बारीक, टोकदार ठसे विरघळत होते.

गुराखी पोरगा शिट्टी वाजवत येत होता.

"कालवड कुणाची रं?" मी विचारलं. "घर दाखव मला."