येडगावचे गोडे पाणी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला नाव बुडवायला फारसे कष्ट पडत नाहीत. नाव, भवसागर, नावाडी आणि पैलतीर या चार शब्दांवर संतकाव्याचा निम्मा तास सहज निघतो. गेली वीस वर्षे मी दर सत्रात निदान पाच-सहा वेळा तरी नौका पैलतीराला लावत आलो आहे. पण नावेच्या तळाशी पाणी किती साचले होते आणि ते कोणी उपसले, हा प्रश्न मला कधी सुचला नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकीही कोणी विचारला नाही. तो मला विचारला येडगावच्या जलाशयाने, आणि तोही कुटुंबासमक्ष.

येडगाव हे काही थंड हवेचे ठिकाण नव्हे. पुण्याहून नाशिक रस्त्याने निघावे, मंचर मागे टाकावे, तमाशाचे आणि टोमॅटोचे म्हणून प्रसिद्ध असलेले नारायणगाव गाठावे आणि तिथून आत वळावे. येथे पुष्पावती कुकडीला येऊन मिळते आणि येथेच कुकडीवर १९७७ साली धरण उभे राहिले. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांत याचा मान वेगळा. माणिकडोहाचे आणि पिंपळगाव जोग्याचे पाणी नदीवाटे येथे येते, घोड नदीवरच्या डिंभ्याचे पाणी कालव्याने येते, आणि मग डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करीत ते पार करमाळ्याकडे निघते. थोडक्यात, हे आमच्या जुन्या वाड्यातल्या माजघरासारखे आहे. सगळ्या खोल्यांतली माणसे येथे येतात आणि येथूनच पुढे जातात.

काठावर ओझरचा विघ्नहर आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि परतल्यावर या देवळाच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला, असे सांगतात. समुद्रकाठच्या विजयाची खूण अशी देशावरच्या नदीकाठी चमकते आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही प्रथम त्याचे दर्शन घेतले. विघ्ने हरण करण्याची विनंती केली. मात्र ती विघ्ने कोण निर्माण करणार आहे, याची त्या वेळी मला कल्पना नव्हती.

आमचे मेहुणे नाना (म्हणजे सौ.चे थोरले बंधू) सारी हयात मुंबईला जहाजांच्या इंजिनखोलीत घालवून नारायणगावास स्थायिक झाले आहेत. निवृत्त माणसे गुलाब लावतात, नाही तर आत्मचरित्र लिहितात. नानांनी अलिबागकडून एक जुनी, चौदा फुटी, लाकडी शिडाची होडी विकत घेतली. ती टेंपोवर चढवून कल्याणवरून माळशेज घाटाने वर आणली. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतला माल जवळच्याच नाणेघाटातून जुन्नरला चढत असे. नानांनी तर बंदरातली होडीच चढवली. रीतसर परवानगी काढली, सर्वांसाठी तरंगणारी जाकिटे घेतली आणि आम्हांला फराळासकट बोलावले.

मी जरा मिजाशीतच गेलो. कारण माझे आजोळ दाभोळचे. आजोबांचा लहानसा मचवा होता आणि सुट्टीत मी त्यावर बसत असे. आता खरे सांगायचे तर मी बसत नसे, उपसत असे. करवंटी घेऊन तळातले पाणी बाहेर टाकणे एवढेच काम माझ्या वाट्याला येई. मामेभावांना शिडाची दोरी मिळे, मला करवंटी! हा अपमान मी आठ वर्षांचा असताना गिळला होता. नानांच्या होडीवर तो भरून काढायचा, असा माझा बेत होता.

आदल्या संध्याकाळी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली होती. काठावर ओढून ठेवलेल्या होडीत पाणी साठले होते. नाना म्हणाले, "मास्तर, मागचं बूच काढा. पाणी जाऊ द्या."

होडीच्या पिछाडीच्या फळीत, अगदी तळालगत, रुपयाएवढे एक भोक असते. होडी जमिनीवर असली की बूच काढावे, म्हणजे आतले पाणी आपोआप निथळते. मी ते काढले. पाणी खळखळ गेले. तेवढ्यात चिरंजीवांनी डोलकाठीविषयी काही विचारले; मी बूच सदऱ्याच्या खिशात टाकले आणि शीड, परबाण, सुकाणू या शब्दांवर छोटेसे व्याख्यान दिले. चिरंजीव बारा वर्षांचे आहेत आणि बापाला सर्व काही येते, या समजुतीचे त्यांचे शेवटचे वर्ष चालू आहे.

जलाशय काठोकाठ भरला होता. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा निळ्या दिसत होत्या, आणि शीड फुगताच होडी अशी काही सरकली की कन्येने टाळ्याच वाजवल्या. शेंगा निघाल्या, चिवडा निघाला. दहा मिनिटांनी सौ. म्हणाली, "अहो, पायाला पाणी लागतंय."

खाली पाहिले. पाय ठेवायच्या फळ्यांच्या फटींतून पाणी डोकावत होते. मी हसलो. "अगं, लाकडी होडी आहे. काठावर पडून लाकूड सुकतं, फटी उघडतात. पाण्यात लाकूड फुगलं की आपोआप मिटतात. दाभोळला तर..."

मी सांगितले ते खोटे नव्हते. कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात तेव्हा पहिले काही दिवस त्या पाणी पितातच. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठासून वर लुकण भरले, तरी लाकूड फुगेपर्यंत थोडा धीर धरावा लागतो. माझे ज्ञान बरोबर होते. फक्त ते त्या पाण्याला लागू नव्हते. पाणी फटींतून येत नव्हते. ते माझ्या खिशातल्या बुचाच्या जागेतून येत होते!

इतक्यात वाऱ्याचा एक झोत आला. होडी कलली आणि तळातले सारे पाणी कललेल्या बाजूला धावले. होडीने सरळ व्हायचे, तर ती आणखीच कलली. कन्या ओरडली. चिरंजीवांनी माझा हात घट्ट धरला. तो हात अजून माझ्या मनगटाला जाणवतो. नानांनी एका झटक्यात शीड खाली घेतले आणि शांतपणे विचारले, "मास्तर, बूच कुठं आहे?"

मी खिशात हात घातला. कोणी काही बोलले नाही. नानांनी सौ.ला आणि मुलांना नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला सरकायला सांगितले. वजन पुढे गेले तशी पिछाडी थोडी उचलली आणि आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी झाला. मी कोपरापर्यंत हात घालून बूच दाबले. मग नानांनी माझ्या हातात भांडे दिले. आठव्या वर्षीची करवंटी फिरून आली होती.

मी उपसत सुटलो. मागचा खण कोरडा झाला तरी होडी जडच! जवळच जाळी काढणारे एक वयस्क मासेमार आपली पत्र्याची होडी घेऊन आमच्याजवळ आले. त्यांनी एकदा आत पाहिले आणि म्हणाले, "सायेब, म्होरल्या खणात हात घाला. मोरी तुंबली आसंल."

होडीच्या बरगड्यांना तळाशी बारीक खाचा ठेवलेल्या असतात. पुढच्या खणांतले पाणी त्या खाचांतून सर्वांत खोल जागी यावे आणि तिथून एकदम उपसता यावे, अशी ती योजना. त्या खाचांत आमच्या शेंगांची टरफले अडकली होती. मी बोटाने ती काढली, आणि तीन खणांतले पाणी बिनबोभाट मागे आले. मासेमारांनी आपला उपसायचा डबा मला दिला. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा तिरका कापलेला, झाकण घट्ट लावलेले, मूठ शाबूत. नानांच्या गोल भांड्यापेक्षा तो तळाला नीट बसत होता आणि एका खेपेत दुप्पट पाणी काढत होता. काठावर पोचल्यावर मी पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत, सौ.ने दिलेला बेसनाचा लाडू मात्र घेतला.

रात्री जेवताना नानांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. होडीचा तळ सुमारे तीन चौरस मीटर. त्यावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दीडशे लिटर, म्हणजेच दीडशे किलो वजन. "दोन धडधाकट पाहुणे," नाना म्हणाले. "आणि पाहुणे एका जागी बसले असते तर हरकत नव्हती. हे पाहुणे होडी कलेल त्या बाजूला पळतात. म्हणून थोडं पाणीही वाईट."

मग बोलणे रंगले. नव्या धर्तीच्या काही शर्यतीच्या होड्यांना तळाशी एक झडप असते. होडी वेगात असली की खालून वाहणारे पाणी आतले पाणी ओढून घेते. पण होडी मंदावली आणि झडप उघडी राहिली, की तीच वाट उलटी चालते. मोठ्या नौकांवर विजेचे पंप असतात. पाणी ठराविक उंचीला आले की तरंगणारी कळ पंप सुरू करते. तरी शहाणा माणूस हाताचा पंप जवळ ठेवतो, कारण पाणी वाढले की पहिल्यांदा वीजच जाते. गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. नाना म्हणाले, "एकट्या माणसाला सांगायला कोणी नसतं की पायाला पाणी लागतंय. त्याला स्वतःच वाकून बघावं लागतं."

मला आजोबा आठवले. ते रोज सकाळी मचव्यात उतरत, तळातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत. गोडे असले तर रात्रीचा पाऊस. खारे असले तर कुठेतरी फट. खारे निघाले की ते मला विचारत, "काल किती करवंट्या काढल्यास? आज किती?" मला वाटे, आजोबा माझ्या कामाची हजेरी घेताहेत. आता कळले की मचव्याची नाडी माझ्या हाती दिलेली होती. शिडाची दोरी धरणाऱ्याला वारा कळतो. आत काय चालले आहे, ते पहिल्यांदा कळते उपसणाऱ्याला.

पण येडगावचे पाणी गोडे. पाऊसही गोडा आणि फटही गोडीच. जिभेची परीक्षा येथे चालत नाही. मग करायचे काय? नाना म्हणाले, तळ पुसून कोरडा करावा आणि सांध्यांवर खडूची भुकटी भुरभुरावी. भुकटी जिथे आधी ओली होईल तिथे फट. आणि बरगडीवर खूण करून रोज एकाच वेळी पाणी मोजावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नानांचे एक स्नेही सोबत होते. रस्त्यावरून धरणाची लांबलचक भिंत दिसत होती. मी भीत भीत विचारले, "हे तरी गळत नाही ना?"

ते हसले. "मातीचं धरण थोडं झिरपतंच. ते कोंडायचा हट्ट धरला तर पाणी आपली वाट स्वतः शोधतं. म्हणून आम्हीच वाट करून देतो. आत वाळू-खडीचे थर, पायथ्याला चर, आणि चराच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. त्या खाचेवरून पाणी मोजायचं. नेहमीइतकं आणि नितळ आलं तर निवांत झोपावं. एकाएकी वाढलं किंवा गढूळ झालं, तर मात्र धावायचं."

पुण्याच्या माणसाला हे ऐकताना पानशेत आठवल्याशिवाय राहत नाही. १२ जुलै १९६१ ही तारीख माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. तरी आमच्या वाड्यात भिंतीवरची पाण्याची रेघ पाहतच मी वाढलो. धरण काय, होडी काय, अगदी कोरडे असे कोणी नसते. येणारे पाणी किती, हे ज्याला ठाऊक असते त्याला झोप लागते. काल मला ते ठाऊक नव्हते; ठाऊक असल्याचे नाटक मात्र मी उत्तम केले होते.

परत आलो तेव्हा चिरंजीव होडीपाशी एकटेच बसले होते. मी शेजारी बसलो. म्हटले, "काल मी लाकूड फुगण्याचं सांगितलं ना, ते चुकलं. बूच माझ्या खिशात होतं आणि मी ते विसरलो होतो. आईनं सांगितलं तेव्हाच मी वाकून बघायला हवं होतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा म्हणाला, चूक त्याची. सुकाणू धरणाऱ्यानं निघण्याआधी बूच बघायचं असतं."

"मामा मोठा माणूस आहे," मी म्हटले. "पण बूच माझ्याच खिशात होतं."

त्याने मान हलवली आणि हातातले काम पुढे चालू ठेवले. तेव्हा माझ्या लक्षात आले की तो बुचाला एक हातभर सुतळी बांधत होता. दुसरे टोक त्याने पिछाडीच्या कडीला पक्के बांधले, दोनदा ओढून पाहिले, आणि मला म्हणाला, "बाबा, आता हे कुणाच्याच खिशात जाणार नाही."

त्या दिवशी आम्ही पुन्हा पाण्यात गेलो. शीड चिरंजीवांच्या हाती होते. तिरका कापलेला डबा घेऊन मी तळाशी बसलो होतो, आणि दर दहा मिनिटांनी खुणेपाशी वाकून मोठ्याने पाणी सांगत होतो.