बघणारे आणि राहणारे

मला एक नाद आहे. जुनं गाव दिसलं, की मी मोटारीतून उतरतो आणि चालू लागतो. कुणाच्या ओट्याचं जोतं बघ, कुणाच्या दिंडीवरचा कोरलेला गणपती बघ, असं करीत तासन् तास हिंडतो. भर रस्त्यात एखाद्या माडीकडे तोंड वर करून उभे असलेले गुरुजी पाहून आमची शाळेतली मुलं तोंडावर हात ठेवून हसतात. हसोत बापडी! नाद म्हटला, की थोडं हसं व्हायचंच.

आणि या नादाला वाईसारखं दुसरं गाव नाही. मोटारीतून गेलात तर पाच-दहा मिनिटांत संपेल. पायी निघालात तर सबंध दिवस पुरणार नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्या, त्यांचे आपापले घाट, आणि घाटाघाटांवर पाळीपाळीनं होणारा कृष्णाबाईचा उत्सव. कुठल्याही बोळात शिरा, वळणं घेत घेत तो बहुधा तुम्हांला नदीच्या पायऱ्यांवरच आणून सोडतो. या गावाचं तोंड बाजाराकडे नाही, कृष्णेकडे आहे, हे कळायला पायच झिजवावे लागतात.

गावाला हे दगडी वैभव आणलं ते मुख्यतः रास्त्यांनी. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं. तिथला काळा तुळतुळीत नंदी पाहून हात लावायचा मोह कुणालाही आवरत नाही. पुढं पाचच वर्षांनी, १७६२ साली, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी अगदी नदीच्या काठाशी ढोल्या गणपतीचं देऊळ उभं केलं. लोक पुढून येतात, त्या एकाच दगडातल्या प्रचंड मूर्तीपुढं हात जोडतात आणि पुढूनच परततात. माझं सांगणं असं, की एकदा देवळाच्या मागं जाऊन बघा. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी ती निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी आलं म्हणजे ते अंगावर आपटू नये, दोहों बाजूंनी वाटून निघून जावं, म्हणून ही योजना. बांधणाऱ्यानं नदीशी भांडण मांडलं नाही. ती येणारच, हे धरून त्यानं भिंत घातली.

ही भिंत मी किती जणांना दाखवली असेल! पण तिचा अर्थ मला गेल्या दिवाळीत कळला, आणि तोही देवळाजवळ नव्हे, घरी.

वाईला आमचा एक वाडा होता. रास्त्यांच्या तोलाचा नव्हे. आपला एका चौकाचा, साधा. घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सोप्याला सागवानी खांब आणि खांबांखाली दगडी तळखडे. वाड्यात राहायला माझी काकू एकटी. आम्ही सगळी भावंडं पोटामागं पांगलेली. चुलतभावांनी ठरवलं, की वाडा बांधकामवाल्याला द्यावा आणि त्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत काकूला दोन खोल्या घ्याव्यात. सगळ्यांच्या सह्या झाल्या. अडला होता तो एकटा मी. भावांना चार पानी पत्र लिहिलं. वास्तुकला, परंपरा, पूर्वजांचा घाम, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशी पत्रं लिहिणं काय अवघड!

दिवाळीला मी वाईला गेलो. दुपारभर हिंडलो. संध्याकाळी काकू पणत्यांच्या वाती वळीत बसली होती, आणि मी तिला देवळाच्या भिंतीचं महत्त्व समजावून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळ, ती भिंत मी साठ वर्षं बघते आहे. जरा माडीवर जाऊन ये बरं."

मी वर गेलो. माडीभर भांडी मांडलेली होती. घमेली, पातेली, एक जुना हंडा, बादलीदेखील. दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस झाला होता; काहींत पाणी तसंच होतं. तुळईचं एक टोक वाळवीनं खाल्लेलं. भिंतीला हात लावला तर माती ओलसर, हाताला लागणारी.

खाली आलो. काकू मान वर न करता म्हणाली, "शाकारणीला माणूस मिळत नाही. पावसाळ्यात मी रात्री दोनदा उठून ती भांडी ओतते. जिना उतरताना एका हातात पातेलं असतं, दुसऱ्या हातानं भिंत धरते. तुम्ही वाडा बघायला येता रे. मला त्यात राहायचं असतं."

आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला उत्तर सुचलं असतं.

रात्री झोप लागली नाही. पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी पायी मेणवलीला गेलो. नाना फडणिसांचा वाडा आणि त्याखालचा घाट तुम्ही पाहिला नसेल, तरी २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात पाहिला असेल. त्या घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्यावर अजून दिसते. ही घंटा मी कितीदा तरी पाहिली होती. त्या दिवशी मात्र मनात आलं, की हिचं घर कधीच सुटलं. समुद्राकाठच्या चर्चमधून ही कृष्णाकाठच्या देवळात आली. पण ती घंटाच राहिली.

परत येऊन मी सही केली. एकच गोष्ट मागून घेतली, चौकातल्या एका खांबाचा तळखडा. काकूला विचारलं, तुला काय ठेवायचं? ती म्हणाली, "मला कोरडी खोली दे. आणि खिडकीतून नदी दिसली तर बघ."

यंदाच्या पावसाळ्यात काकू रात्री एकदाही उठली नाही. खिडकीतून नदी दिसते. सबंध नाही, पण हातभर दिसते. तो तळखडा तिच्या गॅलरीत आहे. त्याच्यावर तुळशीची कुंडी.

वाडा गेला याचं दुःख मला अजून होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यापासून आम्ही सर्वांनी थोडं थोडं लक्ष दिलं असतं, तर तो कदाचित उभाही राहिला असता. ज्या घराची शाकारणी वर्षानुवर्षं केली नाही, त्याच्या सौंदर्यावर चार पानी पत्र लिहिण्याचा हक्क मला नव्हता, एवढंच.

माझा नाद मात्र सुटलेला नाही. अजूनही जुन्या वाड्यापुढं मी तोंड वर करून उभा राहतो आणि मुलं हसतात. फरक इतकाच झाला आहे, की हल्ली मी कोरीव काम मागाहून बघतो. आधी कौलं बघतो. आणि कौलं सरकलेली दिसली, तर दिंडीची कडी वाजवून विचारतो, "कोण आहे का घरात?"